पालवांचं सरकारी भाषांतर

परवा बोरिवलीला विजेच्या दरांच्या जनसुनावणीत भाषांतराचं यंत्र आणलं होतं. व्यासपीठावर एक छोटी काळी पेटी, प्रत्येक अधिकाऱ्याच्या कानात एक इअरफोन, आणि समोर माईक धरून एक पेन्शनर आजोबा वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. पेटीतली बाई ते सगळं इंग्रजीत इतक्या गोड आवाजात सांगत होती, की विमानात पट्टा बांधायला सांगतेय असं वाटावं. अध्यक्ष मान डोलवत होते. आजोबांचं संपलं, पेटी गप्प झाली, पुढचं नाव पुकारलं गेलं. माझ्या शेजारी नुकतीच खात्यात लागलेली एक मुलगी बसली होती. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, हे यंत्र यायच्या आधी हे काम कोण करायचं?"

मी म्हटलं, "पालव."

"कुठली कंपनी ती?"

पालव कंपनी नव्हते. गुरुनाथ पालव आमच्या खात्यात दुभाषे होते. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. पण त्या मुलीला सांगायला बसले असते तर सुनावणी राहिली असती बाजूला, म्हणून इथे सांगते.

सरकारला एखादा मोठा प्रकल्प करायचा असेल, किंवा हवामानबदलावर काही आराखडा आणायचा असेल, तर आधी लोकांना विचारावं लागतं. कायदाच आहे तसा. विचारायचं म्हणजे एक हॉल घ्यायचा, खुर्च्या मांडायच्या, मागे बॅनर लावायचा आणि चहा सांगायचा. हे माझं काम. मग दिल्लीहून किंवा हैदराबादहून सल्लागार येतात आणि पडद्यावर रंगीत चौकोन दाखवत इंग्रजीत बोलतात. समोर बसलेले लोक मराठीत, हिंदीत, कच्छीत, कोळी बोलीत आणि मुख्यतः रागात बोलतात. या दोघांच्या मधे एक माईक असायचा, आणि त्या माईकमागे पालव.

माणूस ठेंगणा आणि गोल. फिकट निळा सफारी, तोही एकच की तसे पाच, हे खात्यात कुणालाच कळलं नाही. माईकचा दांडा कायम त्यांच्या कपाळाला लागायचा. हॉलचा माणूस खाली करून द्यायला आला की ते हातानं थांबवायचे आणि चवड्यांवर उभे राहायचे. सुनावणी सुरू व्हायच्या आधी दाढेखाली एक लवंग जायची. मराठीतून इंग्रजीत जाताना ती उजवीकडे आणि इंग्रजीतून मराठीत येताना डावीकडे, असं आमचा शिपाई शपथेवर सांगायचा. मी खूप वेळा निरखून पाहिलं, पण मला ते कधी दिसलं नाही.

लोकांसमोर पालवांची मराठी कोऱ्या करकरीत कागदासारखी असायची. 'सदर', 'उपरोक्त', 'तदनंतर'. इंग्रजीही तशीच, फायलीत वाढलेली. पण व्यासपीठावरून उतरून माझ्या टेबलाशी चहाला आले की थेट मालवण. त्यांचे वडील गावाहून येऊन गिरणीत लागले, आणि गिरण्या गेल्यावर कुटुंब विक्रोळीला आलं. मुंबईत जन्म काढूनही घरातली बोली काही त्यांच्या तोंडातून हलली नाही. मी मुलुंडची, घरात सगळे बँकेतले आणि पोस्टातले, त्यामुळे पहिले सहा महिने मला त्यांचं निम्मंच कळायचं. मला ते 'गो बाय' म्हणायचे, मी त्यांना 'पालवसाहेब'. खात्यात त्यांना साहेब म्हणणारी बहुतेक मी एकटीच होते.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते मरोळला. शहराच्या वातावरण आराखड्यावर बैठक होती आणि हॉल लग्नाचा मिळाला होता. आदल्या दिवशीच्या लग्नाची फुलं तशीच होती आणि अध्यक्ष नवरदेवाच्या लाल खुर्चीत बसले होते, कारण दुसरी नीट खुर्चीच नव्हती. सल्लागार बाई 'नेट झिरो' या विषयावर भरभरून बोलल्या. पडद्यावर एक हिरवी रेघ वर गेली, एक लाल रेघ खाली आली. बाई थांबल्या. पालव चवड्यांवर उभे राहिले आणि म्हणाले, "जेवढा धूर आपण काढू, तेवढा आपणच परत गिळायचा, असं मॅडम म्हणतात."

मागून औद्योगिक वसाहतीतले एक वर्कशॉपवाले उठले. "कोण गिळणार?"

पालव बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "अंमलबजावणीची यंत्रणा काय, असा सभासदांचा प्रश्न आहे."

बाईंचा चेहरा उजळला. असा प्रश्न त्यांना अख्ख्या महाराष्ट्रात कुणी विचारला नव्हता म्हणे. त्या केंद्र, राज्य, महापालिका, भागधारक, सहभाग असं बरंच काही बोलत राहिल्या. पंख्याला लागून झेंडूच्या पाकळ्या खाली पडत होत्या. बाईंचं संपल्यावर पालव पुन्हा लोकांकडे वळले.

"ते अजून ठरायचंय," ते म्हणाले.

वर्कशॉपवाले समाधानानं बसले. त्यांना खरं उत्तर मिळालं होतं आणि बाईंना खरा प्रश्न. मी तोंडात बोट घालायची बाकी होते. चहाला आल्यावर मी म्हटलं, "पालवसाहेब, तुम्ही तर दोघांचंही बदललंत."

"बदललंय खंय?" पालव कपात फुंकर घालत म्हणाले. "गाळून घेतलंय. चायचो चोथो कोण कपात घालता?"

हे गाळणं म्हणजे पालवांची खासियत. लोक काहीही बोलोत, पालवांच्या मुखातून ते इस्त्री करून बाहेर यायचं. 'तुमचं वाटोळं होईल' हे इंग्रजीत 'नागरिक चिंतित आहेत' व्हायचं. घाटकोपरला एका माणसानं व्यासपीठाकडे चप्पल दाखवून जे काही सांगितलं, त्याचं पालवांनी 'त्यांची अपेक्षा थोडी वेगळी होती' असं केलं. बोरिवलीला मात्र एक निवृत्त हेडमास्तर त्यांना पुरून उरले. ते वीज कंपनीला सरळ चोर म्हणाले. पालव म्हणाले, "ग्राहकाला अधिक पारदर्शकता हवी आहे." हेडमास्तरांना इंग्रजी येत होतं. ते गरजले, "मी चोर म्हणालो!"

पालव अध्यक्षांकडे वळले. "यांना याहून कडक शब्द वापरायचा आहे."

"कोणता?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते विचार करून कळवतील," पालव म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

वरिष्ठांचा अर्थातच पालवांवर भारी जीव. पालव असले की सुनावणी वेळेत संपायची, कुणी कुणाच्या अंगावर जायचं नाही, आणि इतिवृत्तात वाईट शब्द यायचा नाही. तारखा ठरवताना आधी पालव मोकळे आहेत का ते पाहायचे, मग हॉल. पालवांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते मला वरचेवर ऐकवायचे. "गो बाय, माणूस हवामानाबद्दल बोलूक येणा नाय. तो आपल्या दाराबद्दल बोलूक येता. ता दार खंयचा ता शोधूचा आणि बाकीचा सोडून देवचा." मला तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटायचं. यातलं पहिलं अर्धं मला अजूनही तसंच वाटतं.

एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले होते. शालिनीवहिनींनी बांगड्याचं तिखलं केलं होतं आणि त्या अखंड बोलत होत्या. पालव घरात जवळपास मुके. "आमच्याकडे दुभाष्याची गरजच नाय," वहिनी म्हणाल्या. "दोन्ही बाजू मीच बोलते." जेवण होतंय तोच खालून कुणीतरी हाक मारली, कारण सोसायटीची सभा होती आणि पालवांशिवाय ती सुरू होत नव्हती. विषय गच्चीवर सोलर बसवायचा. मीही गंमत म्हणून गेले.

सगळ्यात वरच्या मजल्यावर सकपाळ नावाचे गृहस्थ राहायचे. गच्ची आपल्या डोक्यावर आहे म्हणजे आपलीच आहे, असं त्यांचं मत. सेक्रेटरीण बाई तळमजल्यावरच्या. पाण्यावरून दोघांचं कधीतरी भांडण झालं होतं आणि तेव्हापासून बोलणं बंद. दोघंही मराठी, दोघंही एकाच जिन्यात उभे, आणि मधे पालव.

"ह्यांना सांगा," सकपाळ म्हणाले, "माझ्या मुडद्यावरून न्या ते पत्रे."

पालव बाईंना म्हणाले, "सकपाळांना थोडा वेळ हवाय."

"ह्यांना सांगा," बाई म्हणाल्या, "मुडदा खाली आणायला लिफ्टही सोलरवरच चालणार आहे."

पालव सकपाळांना म्हणाले, "बाई म्हणतात, सोय तुमचीच होणार आहे."

मी जिन्याच्या कठड्याला धरून हसू आवरत होते. मराठीचं मराठीत भाषांतर मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. दोघांनाही एकमेकांचं शब्द न् शब्द ऐकू येत होतं, तरी पालवांचं होईपर्यंत ते थांबायचे आणि उत्तर पालवांच्या वाक्याला द्यायचे. शेवटी सकपाळ थकून म्हणाले, "पालव, जाऊ दे रे. तूच काय ते ठरव." सोलर लागलं. पुढे सकपाळच रोज सकाळी ओलं फडकं घेऊन ते पत्रे पुसतात आणि कबुतरांशी भांडतात, असं पालव सांगायचे. कबुतरांसाठी मात्र दुभाष्याची गरज पडली नाही.

असे हे पालव. निवृत्तीला थोडकेच महिने उरले होते, तेव्हा खाडीकाठची ती सुनावणी आली.

शहरात स्वच्छ वीज आणायची होती. कुठेतरी दूर सूर्यावर आणि वाऱ्यावर तयार झालेली वीज उंच मनोऱ्यांवरून खाडीच्या कडेनं आणायची, असा प्रकल्प. मनोऱ्यांच्या पायथ्याशी रस्ता आणि रस्त्याला भिंत. भिंतीच्या अलीकडे एक कोळीवाडा, पलीकडे तिवरांची झाडी आणि खाडी. सुनावणी कोळीवाड्याच्या समाजमंदिरात होती. अध्यक्ष नवे होते, उत्तरेकडचे. मराठी शिकले होते, पण ती वर्तमानपत्रातली, मासळीबाजारातली नव्हे. कंपनीतर्फे हैदराबादचा एक तरुण सल्लागार आला होता. त्याचे बूट इतके चकचकीत होते की पुढच्या रांगेतल्या बायकांनी त्यात बघून केसांतली फुलं नीट करावीत. त्यानं पडद्यावर नकाशा दाखवला. कोळीवाडा आणि खाडी यांच्या मधे एक पांढरा पट्टा होता आणि त्यावर लिहिलं होतं, पडीक जमीन.

पहिल्या रांगेतून चांगुणाबाई नावाच्या कोळीण आजी उठल्या. वय झालेलं, कमरेला घट्ट कासोटा, हात कोपरापर्यंत कणखर. त्यांनी माईक घेतला नाही. गरजच नव्हती.

"अरं सायबा, ह्ये कागदाव आमची वाट कय हाय? आमी खारीत जातंव ती वाट! भित घालाल मधे, आन आमी काय उरत जाव?"

उरत म्हणजे उडत. ही सुरुवात होती. पुढचं सगळं मला समजलं नाही, आणि जे समजलं ते लिहिता येणार नाही. नकाशा काढणाऱ्यापासून त्या निघाल्या, कंपनीवर आल्या, तिथून अध्यक्षांवर. त्या वाटेनं गावातल्या बायका रोज ओहोटीला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि कालवं आणायला खाडीत जात. भिंत झाली तर खाडी डोळ्यांसमोर, पण जायचं हायवेला वळसा घालून, डोक्यावर टोपली घेऊन. म्हणजे जायचंच नाही. चांगुणाबाईंचं घर त्या टोपलीवर चाललं होतं, आणि मागे बसलेल्या बायकांपैकी निम्म्यांचंही. बोलता बोलता त्यांचा आवाज एकदा चिरला आणि मग दुप्पट चढला. 

त्या थांबल्या. पालव चवड्यांवर उभे राहिले.

"महिलेला अॅक्सेसबद्दल काही शंका आहेत," ते इंग्रजीत म्हणाले.

अध्यक्षांनी मान हलवली. "नोंद घ्या. पुढचे?"

चांगुणाबाई बसल्या नाहीत. त्यांनी पालवांकडे असं पाहिलं, जसं वजनात मारणाऱ्याकडे पाहतात. "काय रं," त्या म्हणाल्या, "मी एवरा बोल्ले, आन तू येवराच बोल्लास? बाकीचा कय ठेवलास?"

मागे हशा पिकला. पालवांनी हसून हात जोडले. "आजी, सगळं सांगितलं मी. मुद्दा पोचला साहेबांना."

"मी मुद्दा न्हाय बोल्ले. मी शिव्या घातल्या. त्या कय हायत?"

आता पुढच्या रांगेतल्या बायकाही हसायला लागल्या. पण चांगुणाबाई हसत नव्हत्या. त्या सरळ व्यासपीठाच्या पायरीवर येऊन बसल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "माजा समदा सांग त्यांना. तवर मी हितंच बसतंय."

आमच्या साहेबांचे डोळे माझ्याकडे वळले, माझे पालवांकडे. असले प्रसंग पालवांनी शेकडो निभावले होते. एक गोड वाक्य, एक नमस्कार आणि पुढचं नाव. पण या वेळी पालवांनी पुढचं नाव पुकारलं नाही. ते त्या म्हातारीकडे बघत राहिले. अध्यक्षांनी विचारलं, "पालव, काय म्हणतात त्या?"

पालवांनी दाढेखालची लवंग काढून रुमालात ठेवली. हे मी कधीच पाहिलं नव्हतं. मग अध्यक्षांना म्हणाले, "सर, भाषांतर अपूर्ण असल्याची तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे." आणि चांगुणाबाईंना म्हणाले, "आजी, पुन्हा सांगा. थांबत थांबत."

त्यांनी सांगितलं. आधीपेक्षा जास्तच सांगितलं, कारण मधल्या वेळात त्यांना नवीन सुचलं होतं. आणि पालवांनी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत आणलं, एकही न गाळता. पण इंग्रजी तर फायलीतली. त्यामुळे जे झालं ते मराठीत साधारण असं होतं:

"सदर महिलेचं असं म्हणणं आहे, की ज्या इसमानं हा नकाशा तयार केला, त्याच्या डोळ्यांत चिंबोऱ्या शिराव्यात. प्रथम डाव्यात, तदनंतर उजव्यात."

हैदराबादच्या मुलाचा हात नकळत डाव्या डोळ्याकडे गेला.

"उपरोक्त इसमाच्या घरी येणारी मासळी कायम नासकी निघावी, व ही बाब त्यास पाहुण्यांसमक्ष कळावी. कंपनीच्या मालकांबाबत महिलेनं त्यांच्या काही अवयवांचा उल्लेख केला आहे. तो मी क्रमानं सांगतो." आणि त्यांनी तो क्रमानं सांगितला. माझ्या शेजारचा टंकलेखक कळफलकावर हात ठेवून नुसता बसला होता. "अध्यक्ष महोदयांविषयी महिलेचं स्वतंत्र म्हणणं आहे."

"ऐकू या," अध्यक्ष म्हणाले.

"महोदयांच्या आईनं त्यांना लहानपणी चिखलात खेळू दिलं असतं, तर आज महोदयांना वाट आणि पडीक जमीन यांतला फरक कळला असता."

सगळं समाजमंदिर श्वास रोखून बसलं होतं. इंग्रजी कळत नव्हतं त्यांनाही कळत होतं, की या वेळी पूर्ण माल पोचतोय. चांगुणाबाई पायरीवर बसून प्रत्येक वाक्याची लांबी कानानं मोजत होत्या आणि बरोबर आली की मान हलवत होत्या.

मग त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. पालवांनी सुरुवात केली, "सदर वाटेनंच महिलेच्या यजमानांना, होडी उलटल्यानंतर, घरी..." आणि ते अडले. फायलीतल्या इंग्रजीत पुढचं नव्हतं.  त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि खरं सांगते, माझ्याही.

"समजलं," अध्यक्ष मराठीत म्हणाले.

मग त्यांनी सल्लागाराला विचारलं, की ही जागा तुम्ही चालून पाहिली आहे का. त्यानं सांगितलं की उपग्रहाचं चित्र पाहिलं आहे. अध्यक्ष उठले. "चला," ते म्हणाले.

मी बऱ्याच सुनावण्या पाहिल्या, पण उठून चालू लागलेली ही एकच. पुढे चांगुणाबाई, मागे पँटचे पाय वर धरून सरकार. देवळामागून, जाळी वाळत घातलेल्या बांबूंच्या मधून, तिवरांच्या पोटात. वाट होती. पायांनी घासून गुळगुळीत झालेली आणि शेवटी चिखलात उतरणारी. सल्लागाराच्या बुटांचं काय झालं ते विचारू नका. अध्यक्षांचा एक पाय घोट्यापर्यंत रुतला, पाय वर आला आणि बूट आतच राहिला. चांगुणाबाईंनी खांद्यापर्यंत हात घालून तो उपसला, झटकला आणि त्यांच्या हातात देताना काहीतरी पुटपुटल्या. अध्यक्षांनी घाबरून पालवांकडे पाहिलं.

"सर," पालव म्हणाले, "आपल्या मातोश्रींविषयीचं मघाचं विधान महिलेनं मागे घेतलं आहे."

मनोरे व्हायचे ते झालेच. शहराला वीज हवी होती, आणि चांगुणाबाईंचंही त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, त्यांच्या घरीही पंखा होता. पण मंजुरीत अट आली. भिंतीला त्या वाटेवर फाटक ठेवायचं आणि दिवसा ते कायम उघडं असायचं. कंपनीनं पालवांविरुद्ध तक्रार केली, शासकीय व्यासपीठावरून अशोभनीय भाषा वापरल्याबद्दल. अध्यक्षांनी त्यावर शेरा मारला, भाषा अशोभनीय व भाषांतर अचूक. प्रकरण मिटलं.

त्या दिवशी परत येताना पालव गाडीत माझ्या शेजारी बसले होते.  विक्रोळी आली तसे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिका वाट व्हयी हुती गो बाय, आणि मी तिका अॅक्सेस दिलंय. इतकी वर्सां अशा किती जणांका काय काय देवन परत धाडलंय, देवाक ठाऊक."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते त्यांनी ऐकलं नाही, आणि बरंच झालं.

पुढचे काही महिने खात्याची वाट लागली. पालव आता काहीच गाळत नव्हते. घाटकोपरला कचऱ्यापासून वीज करायच्या बैठकीत एक गृहस्थ देवनारच्या कचराडेपोच्या वासाचं वर्णन करायला उभे राहिले. पालवांनी ते अशा बारकाईनं इंग्रजीत आणलं, की समितीतल्या बाईंनी चहाबरोबरची बिस्किटं परत पाठवली. सुनावण्या लांबायला लागल्या. हॉलवाले दिवे मालवून किल्ल्या वाजवायचे. वरिष्ठ आता तारीख ठरवताना पालव कधी रजेवर आहेत ते पाहू लागले. निरोप समारंभात साहेबांनी 'पालवांनी खात्याची दीर्घकाळ सेवा केली' असं म्हणताना दीर्घकाळवर जरा जास्तच जोर दिला. उत्तरादाखल पालव दोन वाक्यं बोलून बसले. स्वतःचं असं बोलायची त्यांना कधी सवयच नव्हती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर, ते कायमचे गावी जायच्या थोडं आधी. मनोरे उभे राहिले होते आणि अटी पाळल्या जातायत का हे बघायला मला खाडीवर पाठवलं होतं. लांबूनच आवाज ऐकू आला. फाटक होतं, पण बंद, आणि त्याला कुलूप. आत खुर्चीवर एक नवा वॉचमन, बिचारा नुकताच बिहारहून आलेला. बाहेर चांगुणाबाई रिकामी टोपली कमरेला लावून उभ्या, मागे पाच-सहा बायका. चांगुणाबाई बोलत होत्या आणि तो "ऊपर से ऑर्डर नहीं है, माताजी" एवढंच म्हणत होता. आणि दोघांच्या मधे, चवड्यांवर उभे राहून फाटकाच्या गजांतून तोंड पुढे काढत, निळ्या सफारीतले पालव. हातात मासळीची पिशवी. बहुतेक बाजाराला म्हणून आले असावेत. त्यांची हिंदी इंग्रजीहून वाईट होती, पण ते एकही शब्द सोडत नव्हते. चांगुणाबाई श्वास घ्यायला थांबल्या की हे सुरू. चिंबोऱ्या आल्या, नासकी मासळी आली, वॉचमनच्या साहेबांची आई आली.

माझ्या पिशवीत अटींची प्रत होती. ती काढून पुढे जावं म्हणून मी निघाले, पण त्याआधीच तो मुलगा उठला, कुलूप काढलं आणि फाटक ढकलून बाजूला झाला. चांगुणाबाई एकदाही मागे न बघता आत शिरल्या आणि त्यांच्यामागे बाकीच्या बायका. तिवरांच्या मधून त्यांच्या साड्यांचे रंग खाडीकडे उतरत गेले. पालवांना मी दिसले. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुन्हा वॉचमनकडे वळले. तो हात जोडून उभा होता. फाटक उघडलं होतं हे पालवांना दिसत होतंच, पण चांगुणाबाईंचं अजून बरंच सांगायचं राहिलं होतं.